रस्त्यावर जखमी कुत्रं-मांजर दिसलं तर

रस्त्याच्या कडेला कण्हत पडलेलं कुत्रं दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात आणि हात पुढे होतात. पाय वळू द्या, हात मात्र जरा मागे ठेवा. या कामात नव्याने उतरणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, कारण जनावर उचलून गाडीत घालणं हा यातला सगळ्यात लहान भाग आहे. उचलण्याआधीची पाच-दहा मिनिटं नीट गेली आणि डॉक्टरांकडून आणल्यानंतरचे आठवडे कोणीतरी नेटाने सांभाळले, तर बरीच जनावरं वाचतात. मधली धावपळ सगळ्यांना दिसते, तिचे फोटोही निघतात. जनावर हातचं जातं ते मात्र बहुतेक वेळा या दोन टोकांपैकी एका टोकाला.

इथे मी मुख्यतः कुत्र्या-मांजरांबद्दल लिहिते आहे. गाय-बैल आणि पक्षी यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी थांबा, बघा, विचारा

पहिली काळजी रहदारीची. जनावर रस्त्याच्या मधोमध असेल तर एकाने येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत थोडं पुढे उभं राहायचं आणि दुसऱ्याने जनावराकडे बघायचं. एकटे असाल तर आपली गाडी आडोशाला लावा, तिचे इशारादिवे चालू ठेवा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाला तरी सरळ मदतीला बोलवा. लोक बघत उभे असतात ते निर्दयी असतात म्हणून नाही, काय करायचं ते त्यांना सुचत नसतं. 'दादा, तुम्ही फक्त गाड्या थांबवा' असं नेमकं काम सांगितलं की माणूस पुढे येतो.

मग दहा-पंधरा फुटांवरून नीट बघा. श्वास कसा चालला आहे? मान उचलता येते का? मागचे पाय हलतात का? रक्त कुठून येतंय, थेंब थेंब की धारेने? अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांना किंवा प्राणिसंस्थेला फोन केलात की तोच सगळ्यात जास्त कामाला येतो. त्यांना चाल दिसते, श्वास दिसतो, आणि 'लगेच आणा' की 'हलवू नका, आम्ही येतो' हे ते ठरवू शकतात.

आजूबाजूला विचारा. भटक्या म्हटलेल्या जनावराला खायला घालणारं कोणीतरी बहुधा त्याच गल्लीत असतं. चार अनोळखी माणसांना तासभर दाद न देणारं कुत्रं त्या माणसाच्या एका हाकेवर शेपूट हलवत पिंजऱ्यात जातं. शिवाय ते कधीपासून लंगडतंय, काल जेवलं होतं का, अलीकडे कोणाला चावलं का, ही माहितीही तिथेच मिळते.

आणि खरंच उचलायला हवं आहे का, हे तिथेच ठरवा. तीन पायांवर लंगडत फिरणारं, पण खाणारं-पिणारं, डोळ्यांत तरतरी असलेलं कुत्रं ही आणीबाणी नाही. त्याच्या पाठीमागे धावून त्याला रस्त्यावर पळवणं जास्त धोक्याचं. त्याला डॉक्टर तिथे येऊन बघू शकतात, किंवा दोन दिवस विश्वास कमावून मग नेता येतं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. गाडीची धडक बसलेलं जनावर उठून चालू लागलं म्हणजे ते वाचलं असं अजिबात समजू नका. फुप्फुसाला मार बसला असेल तर श्वासाचा त्रास पुढच्या 24 ते 48 तासांत वाढत जाऊ शकतो. छाती आणि पोट यांमधला पडदा फाटलेला असतो, मूत्राशय फुटलेलं असतं, आणि वरून साधं खरचटलेलंही दिसत नाही. असं जनावर गाडीखाली, झुडपात, जिन्याखाली अंग चोरून बसतं. शोधून काढा आणि डॉक्टरांना दाखवाच. श्वास घेताना पोट आत-बाहेर होतंय, हिरड्या पांढुरक्या पडल्यात, दिवसभरात लघवी झालेली नाही, यांतलं एक जरी दिसलं तर उद्याची वाट बघू नका.

पिल्लांचा प्रश्न वेगळा. एकटी दिसणारी मांजरीची पिल्लं बहुधा पोरकी नसतात, आई खाणं शोधायला गेलेली असते. पिल्लं जखमी नसतील, गारठलेली नसतील आणि जागा धोक्याची नसेल तर लांबून दोन-तीन तास नजर ठेवा. तुम्ही जवळ उभे असाल तोवर ती येणार नाही. आईच्या दुधावर वाढलेल्या पिल्लाची जगण्याची शक्यता बाटलीवरच्या पिल्लापेक्षा खूप जास्त असते, म्हणून ताटातूट करण्याची घाई नको.

हात लावण्याआधी रेबीजचा विचार

हा भाग दोनदा वाचा. रेबीजचा विषाणू बाधित जनावराच्या लाळेत असतो. माणसात लक्षणं सुरू झाल्यावर हा आजार जवळपास नेहमीच जीव घेतो, आणि माणसाला होणारा रेबीज बहुतांशी कुत्र्यांकडूनच येतो. पण वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो.

पिसाळलेलं कुत्रं म्हणजे तोंडाला फेस आणून धावत सुटलेलं कुत्रं, हे चित्र अपुरं आहे. रेबीजचा एक प्रकार शांत असतो. जबडा खाली लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो, मागचे पाय लटपटतात. बघणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलंय बिचाऱ्याच्या! आणि तो तोंडात हात घालतो. लाळ गाळणाऱ्या, तोंड मिटता न येणाऱ्या अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका, हाड दिसत असलं तरीही. वागण्यात अचानक बदल, कारण नसताना चावणं, दगड-लाकडं चावत सुटणं, तोल जाणं अशी लक्षणं दिसली तर लोकांना दूर करा, जमल्यास ते जनावर बंद जागेत अडकेल असं बघा आणि स्थानिक यंत्रणेला किंवा पशुवैद्याला कळवा. याचं निदान डॉक्टरांनी करायचं असतं. डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार) किंवा डोक्याच्या मारानेही काही लक्षणं अशीच दिसतात.

चावलं, ओरखडलं किंवा तुमच्या उघड्या जखमेवर, डोळ्यांत, तोंडात लाळ गेली तर बाकी सगळं सोडून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटं धुवा. 15 मिनिटं खूप वाटतात, म्हणून घड्याळ लावा. त्यानंतर आयोडीनसारखं जंतुनाशक लावा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. रक्त आलेल्या जखमेला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागू शकतं, हे आपणहून विचारा. कुत्रं-मांजर 10 दिवस नजरेखाली ठेवण्याची पद्धत आहे, ती बरोबरही आहे, पण त्या 10 दिवसांसाठी लस थांबवून ठेवायची नसते. लस सुरू करायची आणि जनावरावर लक्षही ठेवायचं. हे काम वरचेवर करणार असाल तर चावा होण्याआधीच घ्यायची लस डॉक्टरांना विचारून घेऊन टाका. ही लस घेतल्यानंतर चावा झाला तरी लसीचे पुढचे डोस घ्यावेच लागतात, फक्त ते कमी लागतात.

जवळ कसं जायचं, धरायचं कसं

दुखतंय म्हणून चावणं हा जनावराचा स्वभाव नसतो, तो वेदनेचा प्रतिसाद असतो. रोज तुमच्या हातून खाणारं कुत्रंही मोडलेल्या पायाला हात लागला की चावेल. समोरून सरळ चालत जाऊ नका, डोळ्यांत रोखून बघू नका, डोक्यावरून हात नेऊ नका. तिरकं चालत जा, थोड्या अंतरावर बाजूला तोंड करून खाली बसा, हलक्या आवाजात बोलत राहा. कान मागे, ओठ ताणलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, अंग एकदम ताठ झालंय, असं दिसलं तर तिथेच थांबा. गुरगुरणं वाईट नसतं, ती आगाऊ सूचना असते. गुरगुरतं म्हणून त्याला दटावू नका.

कुत्र्याला उचलण्याआधी मुसकं बांधायला शिका, घरच्या कुत्र्यावर सराव करा. दीड मीटरभर लांब, मऊ बँडेजची पट्टी घ्या. मध्ये एक सैल गाठ मारून मोठा फास तयार करा. तुम्ही जनावराच्या बाजूला, थोडं मागे असायला हवं. फास नाकाच्या टोकाकडून जबड्यावर सरकवा, गाठ नाकाच्या वर येईल अशी ओढा, मग दोन्ही टोकं हनुवटीखाली नेऊन तिथे एक साधी गाठ, आणि तिथून कानांच्या मागे नेऊन सुटणारी गाठ. निरगाठ नको, एका ओढीत सुटली पाहिजे. बांधल्यावर नाकपुड्या मोकळ्या आहेत ना, बघा. श्वासाला त्रास होत असेल, उलटी होत असेल, तोंडाला-जबड्याला मार असेल किंवा आखूड नाकाची जात असेल तर मुसकं बांधू नका. अशा वेळी जाड चादर डोक्यावरून टाकणं बरं. मुसक्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि धापा टाकूनच ते अंग थंड ठेवतं, म्हणून उन्हात ते काही मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही.

मांजराला मुसकं वगैरे काही नाही. जाड टॉवेल वरून अलगद टाका, चारही पाय आत येतील असं पटकन गुंडाळा आणि टॉवेलसकट खोक्यात ठेवा. खोक्याला हवेची भोकं हवीत आणि झाकण पक्कं हवं. मांजराचा चावा वरून टाचणी टोचल्यासारखा दिसतो, पण तो खोल जातो आणि हात एका दिवसात सुजून येतो. त्याकडे दुर्लक्ष करू नका.

कंबर किंवा पाठ मोडल्याची शंका असेल, म्हणजे मागचं अंग निर्जीव ओढलं जात असेल, तर चार पायांना धरून उचलायचं नाही. फळी, जाड पुठ्ठा, गाडीतलं रबरी पायपुसणं, जे सपाट मिळेल ते पाठीलगत ठेवा. एकाने मान-खांदे, दुसऱ्याने कंबर धरून, दोघांनी एकाच वेळी त्यावर सरकवा. वर पट्टा किंवा चादर बांधा.

जागेवर करायचे उपचार

आधी हिरड्या बघा. शांत असेल, मुसकं नसेल तरच वरचा ओठ हलकेच उचला. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओली असते. बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. त्याहून वेळ लागत असेल, हिरडी पांढरी-राखाडी असेल, पंजे गार लागत असतील तर जनावर शॉकमध्ये आहे, म्हणजे त्याचं रक्ताभिसरण कोलमडतंय. निळसर हिरडी म्हणजे प्राणवायू कमी पडतोय. गडद लाल आणि अंग तापलेलं असेल तर उष्माघाताची शंका घ्या. (काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.)

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड किंवा गॉज ठेवून तळव्याने दाबा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं दाबून ठेवा. थांबलं का म्हणून दर अर्ध्या मिनिटाने उचलून बघितलंत की धरत आलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कापड भिजलं तर ते न काढता वर दुसरं ठेवा. दोरीने पाय आवळू नका. चार किलोच्या मांजराच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त असतं. जमिनीवर सांडलेलं थोडंसं रक्तही त्याच्यासाठी थोडं नसतं.

अंगात घुसलेली सळी, काच, काठी ओढून काढू नका. तिनेच रक्त अडवून धरलेलं असतं. आजूबाजूला कापडाचे बोळे लावून ती हलणार नाही असं बघा. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, सलाईनने भिजवलेल्या स्वच्छ कापडाने झाका. डोळा खोबणीतून बाहेर आला असेल तरी तसंच, तो सतत ओला ठेवा. मोडलेला पाय सरळ करायला जाऊ नका. नवख्या हाताने बांधलेल्या खपच्या (हाडाला आधार देणाऱ्या पट्ट्या) बऱ्याचदा जास्त नुकसान करतात, त्यापेक्षा मऊ गादीवर ठेवून न्या.

साध्या जखमेवर भरपूर सलाईन ओता. सलाईन नसेल तर उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पाण्यात इतकं पातळ करा की फिक्या कोऱ्या चहाचा रंग यावा. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेवर नको, चांगल्या पेशीही जळतात. फिनाइल तर कुत्र्या-मांजरांच्या जवळही आणू नका. मांजरं ते चाटून विषबाधेने मरतात.

आणि माणसांच्या गोळ्या. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. त्यातून तयार होणारं द्रव्य तांबड्या पेशींची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं, तोंड आणि पंजे सुजतात, हिरड्या तपकिरी पडतात. आयब्युप्रोफेन कुत्र्या-मांजरांच्या पोटात व्रण करतं, मूत्रपिंड निकामी करतं. 'थोडीशीच देते, दुखतंय हो त्याला' हे मायेने म्हटलं जातं, मला ते कळतं, पण देऊ नका. वेदनेवर जनावरांसाठी सुरक्षित औषधं आहेत, ती वजन बघून डॉक्टर देतील.

दवाखान्यात जाईपर्यंत खायलाही काही देऊ नका. भूल द्यावी लागली तर भरलं पोट धोक्याचं ठरतं. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतलं तर ते थेट फुप्फुसात जातं.

उष्माघातात मात्र थांबायचं नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं, 41 अंशांच्या वर जिवावर बेततं. सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला. बर्फ नको. तापमान 39.5 च्या आसपास आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते खूप खाली घसरतं. शुद्धीवर आलं तरी डॉक्टरांना दाखवा.

अळ्या पडलेली जखम

नवख्या माणसाला मागे फिरवते ती ही जखम, म्हणून सविस्तर लिहिते. वास येतो, कुत्रं सारखं एकच जागा चाटत किंवा डोकं झटकत असतं आणि वरून दिसतं फक्त रुपयाएवढं भोक. केस कापून उजेडात बघितलं की भोकाच्या आत पांढुरकं काहीतरी हललेलं दिसतं. आत कातडीखाली केवढीतरी पोकळी असते. माशी ओल्या जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात. कानाची घडी, शेपटीचं मूळ, बोटांमधल्या बेचक्या, गळपट्ट्याखालची मान, या जागा आधी तपासा.

अळी श्वास घेते ती शेपटाकडच्या छिद्रांतून. म्हणून ती तोंड मांसात आणि शेपूट भोकाकडे ठेवून असते. भोकावर सलाईनने भिजवलेला बोळा काही मिनिटं ठेवला की हवा तुटते आणि अळ्या वर येऊ लागतात. बोथट टोकाच्या चिमट्याने एकेक अळी सावकाश, न तोडता काढायची. तुटलेला तुकडा आत राहिला तर तिथे पू होतो. सगळ्या निघाल्या असं वाटलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, कारण खोलवरच्या तेव्हा वर येतात. हे फार दुखतं. जखम मोठी असेल, डोळ्याजवळ, कानात, गुदद्वाराजवळ असेल तर भूल देऊनच काढायला हवी आणि ते डॉक्टरांचं काम.

टर्पेंटाइन, पेट्रोल, रॉकेल ओतण्याचा सल्ला देणारे भेटतील. अळ्या पटापट बाहेर पडतात हे खरं, पण उघड्या मांसावर ते काय करतं ते त्या कुत्र्याच्या किंकाळीवरून कळतं. अळ्या मारणारी गोळी आणि इंजेक्शनं डॉक्टरांकडे असतात. तीही मनाने देऊ नका. आयव्हरमेक्टिनसारखं औषध कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींना मेंदूपर्यंत बाधतं.

अळ्या गेल्यावर ती जखम भरताना बघणं मला या कामातलं सगळ्यात समाधानाचं वाटतं. रोज धुतली, माशी बसू दिली नाही, तर तळापासून लालसर दाणेदार मांस वर येत जातं आणि कडेने कातडी आत सरकते.

दवाखान्यात

नेताना गाडीत आवाज कमी, उजेड कमी, अंगावर पातळ चादर. निघण्याआधी फोन करा, म्हणजे तयारी असेल.

तपासणीनंतर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: नेमकं काय झालंय, बरं होण्याची शक्यता किती, घरी किती आठवडे सांभाळावं लागेल, त्यात मला काय काय करावं लागेल, पुन्हा कधी दाखवायचं. खर्च कोण करणार आणि ठेवणार कुठे, हेही त्याच दिवशी ठरवा. ज्यांनी फोन करून तुम्हाला बोलावलं त्यांनाही त्यात सामील करून घ्या. सगळं एकट्याने अंगावर घेणारी माणसं थकून हे काम सोडताना मी पाहिली आहेत, आणि त्यानंतर त्या गल्लीत धावून येणारं कोणी उरत नाही.

पाय कापावा लागेल म्हटलं की लोक हादरतात. कुत्री-मांजरं तीन पायांवर छान जगतात, धावतात, जिने चढतात. सडलेला, दुखणारा पाय वागवण्यापेक्षा ते कितीतरी सुखाचं. मात्र काही वेळा डॉक्टर दयामरण सुचवतात. पाठीचा कणा तुटलाय, वेदना थांबवता येत नाहीत, पुढे फक्त यातना आहेत, अशा वेळी ते ऐका. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि शक्य असेल तर शेवटपर्यंत जवळ थांबा, हात अंगावर ठेवा.

घरी आणल्यानंतर

घरात दुसरी कुत्री-मांजरं असतील तर नवं जनावर 14 दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत. पार्व्होचा (कुत्र्यांच्या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा) विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. फरशी आधी साबणाने धुऊन मग ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसावी लागते, एका भागाला तीस भाग पाणी. त्या खोलीचे कपडे-चपला वेगळ्या ठेवा. हातमोजे वापरा, खरूज आणि नायटा माणसालाही लागतो आणि कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. घरात कोणी गरोदर असेल तर मांजराची शी त्यांनी साफ करू नये.

जागा लहान द्या. हाड मोडलेल्या जनावराला पिंजऱ्यात ठेवणं क्रूर वाटतं, पण मोकळं सोडलं तर ते उडी मारणारच. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पिल्लांत कमी, म्हाताऱ्यांत जास्त. पिंजऱ्यावर अर्धी चादर टाका, म्हणजे आडोसा मिळतो. मांजराला लपायला एक आडवं खोकं द्याच. लपायला जागा असलेलं मांजर लवकर खायला लागतं.

जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घालून ठेवा, कितीही केविलवाणं बघितलं तरी. एका रात्रीत टाके चाटून उघडतात आणि सगळी शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. पायाला पट्टी किंवा प्लास्टर असेल तर रोज दोनदा बोटं बघा. सुजली, गार पडली, वास यायला लागला, पट्टी ओली झाली, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

उपाशी, हाडं निघालेल्या जनावराला पोटभर वाढावंसं वाटतं. थांबा. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक खूप अन्न गेलं की रक्तातले क्षार झपाट्याने घसरतात आणि त्यानेच ते दगावू शकतं. पहिले काही दिवस मऊ खाणं, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि प्रमाण डॉक्टरांना विचारून वाढवा. दूध नको, बऱ्याच मोठ्या कुत्र्या-मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब होतात. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट विषारी आहेत.

गोळी खाण्यात लपवून द्या, पण ती गिळली की भांड्यामागे थुंकली ते बघा. मांजराला गोळी दिल्यावर थोडं पाणी पाजा, विशेषतः डॉक्सिसायक्लिनची. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून व्रण करते. अँटिबायोटिक मध्येच बंद करू नका.

मागचं अंग लुळं पडलेलं असेल तर दर चार तासांनी कूस बदला, नाहीतर कंबरेच्या हाडावर शय्याव्रण होतात. लघवी ठिबकत असली म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय असं नाही. उलट ते गच्च भरून सांडत असतं. पोटावर दाबून ते रिकामं करायचं तंत्र डॉक्टरांच्या समोर, त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवून शिकून घ्या. लिहून ते शिकवता येत नाही.

अगदी लहान पिल्लू गारठलेलं असेल तर आधी ऊब, मग दूध. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचवता येत नाही. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून जवळ ठेवा, हळूहळू ऊब येऊ द्या. मग पिल्लांसाठीच मिळणारं दूध, दर दोन-तीन तासांनी, पिल्लू पोटावर पालथं ठेवून. पाठीवर उताणं धरून कधीच नाही. प्रत्येक दुधानंतर ओल्या कापसाने खालचा भाग हलके पुसा. आई चाटते तसा तो स्पर्श झाल्याशिवाय तीन आठवड्यांपर्यंतच्या पिल्लांना लघवी-शी होत नाही.

मोठी जनावरं आणि पक्षी

गाय-बैल पडलेले असतील तर एकट्याने काही करू नका, पायांच्या मागे उभं राहू नका. मदत येईपर्यंत कुशीवर आडवं पडलेलं जनावर, कणा मोडल्याची शंका नसेल तर, तीन-चार जणांनी मिळून छातीवर बसतं करा आणि बाजूने टेकू द्या. आडवं राहिलं तर पोटातला वायू अडकून फुगतं आणि श्वास कोंडतो. पक्ष्याला हवेची भोकं असलेल्या अंधाऱ्या खोक्यात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. मांजराच्या तोंडातून सोडवलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी त्याला त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं.

परत सोडताना

बरं झालेलं मोठं भटकं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. तिथल्या टोळीची, वासांची, खाणं घालणाऱ्या माणसाची त्याला ओळख असते. 'चांगल्या' अनोळखी जागी सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडतात किंवा घर शोधत ते रस्त्यावर मरतं. आंधळं, तीन पायांचं, अगदी लहान किंवा पूर्वी कोणीतरी पाळून टाकून दिलेलं जनावर मात्र रस्त्यावर सोडू नका, त्याला घर शोधा.

सोडण्याआधी रेबीजची लस, जंताचं औषध आणि नसबंदी उरकून घ्या. जखम पूर्ण भरलेली हवी, केस उगवू लागलेले हवेत. सकाळी, गर्दी नसताना, खायला घालणाऱ्या माणसाला बोलावून सोडा. पिंजऱ्याचं दार उघडून बाजूला व्हा, ओढून काढू नका. पुढचे आठ-दहा दिवस त्या माणसाकडून रोज एक फोटो मागवा. चाल, जखमेची जागा आणि खाणं, एवढं त्यात दिसलं तरी पुरे. दोन दिवस ते दिसलंच नाही तर फोनवर न राहता स्वतः जाऊन जवळचे आडोसे तपासा.